दुसऱ्या बेसवरचा माणूस

१२ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, ओरडू नका. रक्तदाब एकशे ऐंशीच्या वर गेलाय, मैदानात बसून घसा फोडलात तर एक दिवस तिथूनच उचलून आणावं लागेल. मी म्हटलं, मग मॅच बघायची कशी? म्हणाले, बघू नका. डॉक्टर ताइपेईचे आहेत, त्यांना काय कळणार.

घरी आल्यावर बायकोने, युएशाने, दुकानातली ही कोरी वही माझ्यासमोर आपटली. म्हणाली, "जे काय ओरडायचंय ते ह्यात लिहा. बत्तीस वर्षं मी ऐकतेय, आता कागदाला ऐकू द्या."

तर कागदा, ऐक. बगळे २, पाहुणे ९. आमच्या चांगह्वा गावाला सात वर्षांपूर्वी स्वतःचा बेसबॉल संघ, बगळे, मिळाला तेव्हा मी केस कापायचं दुकान बंद ठेवून फटाके वाजवले होते. आता वाटतं, तेवढ्या वेळात चार दाढ्या झाल्या असत्या.

सगळ्यात चीड आली ती गाओची. हा दुसऱ्या बेसवर उभा राहतो, पूर्वेकडचा डोंगराळ माणूस आहे, तोंडातून शब्द फुटत नाही. चौथ्या डावात सरळ जमिनीवरून आलेला चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. ते एक वेळ सोडून देऊ. पण नंतर स्वतः बॅटिंगला आला, चेंडू जमिनीवर मारला आणि पहिल्या बेसकडे चालत गेला. चालत. माझी आई ऐंशीव्या वर्षी भाजी आणायला ह्याहून जोरात जायची.

चेंडू आपल्याआधी पोचणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी पळायचं असतं. फेकणाऱ्याचा हात चुकू शकतो, पकडणाऱ्याचा पाय घसरू शकतो. त्या एका चुकीसाठी जीव तोडून पळायचं. ह्या खेळात ह्याशिवाय आहे काय?

१९ एप्रिल

३–१२. लिहिण्यासारखं काही नाही.

२७ एप्रिल

आज फान आला होता. आमचा पिचर, चेंडू टाकणारा. ह्याच गावचा पोरगा, बाप हातगाडीवर बा-वान, मांस भरलेले पिठाचे गोळे, विकायचा. नऊ वर्षांचा असताना खुर्चीच्या दांड्यांवर फळी टाकून मी त्याला बसवायचो, कारण आरशात त्याचं डोकंच दिसायचं नाही. आता सव्वासहा फूट आहे आणि मलाच मान वर करायला सांगतो, "काका, जरा वर बघा, मी इथे आहे."

आज मात्र गप्प होता. खांदा दुखतोय म्हणाला. गरम टॉवेल ठेवला तर डोळे मिटून पडून राहिला.

"तुझं काय चुकतंय रे?" मी म्हटलं. "तू चांगलाच टाकतोस. मागे उभे असलेले चेंडू सोडतात त्याला तू काय करणार? तो गाओ…"

त्याने टॉवेल खांद्यावरून काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "तुम्हाला दिसतंच आहे ना सगळं, काका."

एवढंच. दुसऱ्याचं वाईट बोलायचं नाही, हे त्याच्या आईचं वळण.

तो गेल्यावर श्यू साहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. हे गृहस्थ दोन महिन्यांपासून दर आठवड्याला येतात. पांढरे चामडी बूट, परदेशी फळांचा धंदा आहे म्हणतात. डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही नसतं, पण बसतात. त्यांनी विचारलं, "खांदा डावा की उजवा? कधीपासून दुखतोय? रविवारी टाकणार का?" मला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. असा प्रेक्षक पाहिजे. बाकीचे नुसता स्कोअर विचारतात.

४ मे

ओरडलो. लिहून ठेवतो, म्हणजे युएशा वही चाळेल तेव्हा तिला वेगळं सांगायला नको.

सहाव्या डावापर्यंत आम्ही ४–१ पुढे होतो. मग फानचा खांदा बिघडला असणार. चार चेंडू बाहेर पडले की समोरचा फुकट पहिल्या बेसवर जातो, आणि फानने असे एकामागोमाग चार जण पाठवले. पुढचा चेंडू गाओकडे आला. त्याने अंग झोकून दिलं, चेंडू हातमोज्याला लागून पलीकडे गेला. शेवटी ४–७.

मी उभा राहून गाओच्या सात पिढ्या काढल्या. दिंग मास्तर माझ्या शेजारी बसतात, पहिल्या हंगामापासून. ते हळूच म्हणाले, "लियाओ, फानचे चेंडू बघितलेस? हातभर बाहेर."

"खांदा दुखतोय त्याचा."

"मी तीस वर्षं पोरांना शिकवलंय. चुकणारं पोर कुठलं आणि मुद्दाम चुकवणारं पोर कुठलं, हे मला वहीवरून कळतं."

"तुम्ही गणित शिकवायचात, मास्तर. बेसबॉल नाही."

त्यांनी आपली पिशवी उचलली आणि तीन खुर्च्या सोडून बसले. बसोत.

आमच्या मागच्या रांगेत चार तरुण होते. सुपारी चघळणारे, कमरेला पेजर. आमच्याच टोप्या घातलेल्या, आणि आम्ही हरल्यावर एकमेकांना टाळ्या देत हसत होते. हल्लीचे प्रेक्षक हे असे. ह्यांना जिंकलं काय, हरलं काय, सगळं सारखंच.

९ जून

सणाचा दिवस. युएशाने बांबूच्या पानांत भाताच्या साठ पुड्या बांधल्या, सगळी गल्ली खाऊन गेली.

सकाळी श्यू साहेब आले. चहाचा डबा घेऊन, लाल कागदात गुंडाळलेला. म्हणाले, "आमच्या काही मित्रमंडळींकडून फानला भेट. डोंगरावरचा चहा आहे. आम्ही दिला तर तो संकोचेल. तुम्ही दिलात तर घेईल, तुम्हाला तो वडिलांच्या जागी मानतो."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

मी स्वतः सायकलवर खेळाडूंच्या वसतिगृहात गेलो. डबा चांगला जड होता. महागाचा चहा, पानं दाबून भरली असणार. फान खाली आला, मी डबा त्याच्या हातात दिला आणि श्यू साहेबांचं नाव सांगितलं. पोराचा चेहरा पांढरा पडला. डब्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो.

"काका, हा तुम्ही आणलात?"

"मग काय? माझ्या हातून यावा असं त्यांना वाटलं."

त्याचे डोळे भरून आले. इतक्या हरण्यानंतरही कोणी आपल्यावर इतका जीव टाकतं म्हटल्यावर कोणाचे भरणार नाहीत? मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि निघालो. परतताना सायकल हलकी वाटत होती.

२१ जून

दुपारी पाच गिऱ्हाइकं बसलेली असताना दार उघडून गाओ आत आला. पूर्वेकडचे हे खेळाडू वसतिगृहातच एकमेकांचे केस कापतात, माझ्या दुकानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. टोपी कानापर्यंत ओढलेली. काढली तर डाव्या कानामागे चार टाके, भोवती निळं-पिवळं. खुर्चीचे दोन्ही दांडे धरून हळूहळू खाली बसला, म्हाताऱ्यासारखा.

"केस नीट करून द्या, काका. वरचे जरा लांब ठेवून टाके झाकता आले तर बघा."

"काय झालं हे?"

"पडलो."

"कशावरून? दारूच्या गुत्त्यातल्या स्टुलावरून?"

सगळे हसले. ह्या लोकांचं पिणं सगळ्या गावाला ठाऊक आहे.

तो म्हणाला, "आज मॅच टीव्हीवर दाखवणार आहेत. बायको गावी बघते. तिला दिसायला नको."

मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं होतं ते सोडलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "जो पळत नाही, त्याचे केस मी कापत नाही. हे दुकान बगळ्यांसाठी जीव टाकणाऱ्यांचं आहे."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. निर्लज्ज माणूस, रागसुद्धा आला नाही. "ठीक आहे," म्हणाला. उठला, कापड झटकलं, घडी केली, खुर्चीवर ठेवलं, टोपी घातली आणि गेला.

कोपऱ्यात श्यू साहेब होते. म्हणाले, "बरोबर केलंत. अशांना असंच सरळ करावं लागतं." आणि सगळ्यांसाठी बर्फाचा चहा मागवला.

युएशा पडद्याआड टॉवेल वाळत घालत होती. सगळे गेल्यावर म्हणाली, "त्याला श्वास घेताना दुखत होतं. बरगडीला काहीतरी लागलंय."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"मी माणसं बघते. तुम्ही नुसती डोकी बघता."

आज रात्री तिने ताट वाढून समोर ठेवलं आणि आत निघून गेली.

५ जुलै

ओळीने आठवा पराभव. आज मी जुन्या चादरीवर तांबड्या रंगात लिहून नेलं होतं: "गाओ, पाय भाड्याने दिलेस का?" रांगांमधून हशा पिकला. वर्तमानपत्रवाल्याने फोटो घेतला.

सातव्या डावात तो पुन्हा चालत पहिल्या बेसकडे गेला. एक हात बरगडीला धरून, नाटकी. माझ्या हातात जेवणाचा डबा होता, खाऊन झालेला, आत चॉपचं हाडूक. मी तो फेकला. मारायचं मनात नव्हतं. पण माझा हात अजून चांगला आहे, डबा त्याच्या गालाला लागला.

गाओने वाकून डबा उचलला, हाडूक वेगळं पडलं होतं तेही उचलून डब्यात टाकलं, डबा भिंतीच्या कडेला नीट ठेवला आणि जाऊन आपल्या जागी उभा राहिला.

मागच्या रांगेतल्या त्या चौघांपैकी एकाने मला सिगरेट देऊ केली. मी घेतली. दहा वर्षांपूर्वी सोडली होती.

१३ जुलै

जिंकलो. ६–५. दहा मॅच हरल्यानंतर.

आणि कुणी जिंकून दिलं, तर गाओने. नववा डाव, आम्ही एकाने मागे, दोन गडी बाद, दोघे बेसवर. तो बॅट घेऊन आला तेव्हा मी चादर गुंडाळायला घेतली होती. पहिलाच चेंडू त्याने उजवीकडच्या मोकळ्या जागेत सणसणीत मारला. दोघेही शेवटच्या, घरच्या बेसवर पोचले, दोन धावा. तो स्वतः दुसऱ्या बेसपर्यंत पळाला. पळाला म्हणजे खरंच पळाला. तिथे आडवा पडला आणि कुशी धरून बराच वेळ उठलाच नाही.

लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मागच्या चौघांनी मात्र खुर्चीला लाथा घातल्या, एक जण टेलिफोनच्या खोक्याकडे धावला. मला कळत नाही, जिंकल्यावर चिडणारे चाहते कसले. आज फाननेच पिचिंग केली होती. तो डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसला होता, खांदे हलत होते. आनंदाने रडत होता बिचारा.

मी गाओचं नाव घेतलं नाही. एका फटक्याने तीन महिने धुऊन निघत नाहीत. पण चादर घरी आणून युएशाला धुवायला दिली. ती म्हणाली, "हा रंग निघत नाही."

१५ जुलै

वर्तमानपत्रात दोन ओळी. बगळ्यांचा गाओ शिन-यी ह्याची स्कूटर घसरली, उजव्या गुडघ्याचे दोन तुकडे, हंगाम संपला. एकदा जिंकून दिलं की लगेच पार्टी. पिऊन चालवली असणार.

दिंग मास्तर मे महिन्यानंतर पहिल्यांदा दुकानात आले. केस कापायला नाही, उभ्या उभ्या म्हणाले, "त्याच्याकडे स्कूटर आहे?"

"असेल."

"नाही. तो बसने येतो. मैदानाच्या थांब्यावर मी त्याला दहा वेळा बघितलाय."

"मग मित्राची असेल. मास्तर, तुम्हाला निवृत्तीनंतर काही उद्योग नाही का?"

"नाही," ते म्हणाले. "म्हणून मी नीट बघतो."

श्यू साहेब ह्या आठवड्यात आले नाहीत.

३ ऑगस्ट

फानला अटक झाली. त्याच्याबरोबर आणखी पाच जण, सगळे बगळे. सरकारी वकिलांनी पहाटे वसतिगृहावर धाड घातली. मुद्दाम मॅच हरायची, हरण्यावर टोळीने सट्टा लावायचा, असं दोन वर्षं चाललं होतं म्हणे. टीव्हीवर फान दिसला, डोक्यावर जाकीट. खांद्यांवरून ओळखला.

माझा विश्वास नाही. पोलिसांना कोणीतरी पकडायचं असतं. दिवसभर दुकानात प्रत्येक जण तेच बोलत होता. मी वस्तऱ्याने दोघांचे गाल कापले. तिसऱ्याची दाढी युएशाने केली.

मग टीव्हीवर दुसरा फोटो आला. टोळीचा माणूस, फरारी. पांढरे बूट फोटोत नव्हते, पण डोकं मी दर आठवड्याला हातात धरलेलं होतं. नाव श्यू नव्हतंच.

युएशा टीव्ही बंद करायला उठली, तर मी म्हटलं, राहू दे.

८ ऑगस्ट

मला साक्षीला बोलावलं. चांगला सदरा घातला. रात्रभर उत्तरं जुळवली होती: मी चव्वेचाळीस वर्षं ह्या गावात वस्तरा चालवतोय, माझ्या नावाला डाग नाही, पाहिजे तर शेजाऱ्यांना विचारा.

सरकारी वकील तिशीची मुलगी होती. तिने मला चहाच्या डब्याचा फोटो दाखवला. लाल कागद काढलेला.

"हा तुम्ही पोचवलात?"

"हो."

"आत काय होतं, माहीत होतं?"

"चहा."

शेजारी लिहून घेणारा कारकून खाली वाकला, हसू लपवायला. मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "जड वाटला नाही?"

"महागाचा असेल म्हटलं."

तिने डब्यात सापडलेल्या नोटांचा आकडा लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला, सही घेतली. म्हणाली, "जा आजोबा. पुन्हा यायची गरज नाही."

सगळं मिळून दहा मिनिटं. मी एकसष्ट वर्षांचा आहे, कोणाचा आजोबा नाही. वाद घालायच्या तयारीने गेलो होतो, पण तिचा माझ्यावर लगेच विश्वास बसला. इतक्या म्हाताऱ्या मूर्खाला काही कळलं नसणार, ह्याबद्दल त्या खोलीत कोणालाच शंका नव्हती.

२१ सप्टेंबर

आज वर्तमानपत्रात गाओची पानभर साक्ष छापून आली. मी दुकानाला आतून कडी लावून वाचली.

गेल्या हंगामापासून तो नाही म्हणत होता. मार्चमध्ये मांडीचा स्नायू फाटला, तरी संघाने विश्रांती दिली नाही, कारण त्या जागेवर खेळू शकणारे बाकीचे सगळे विकले गेले होते आणि ते बाहेर कळून चालणार नव्हतं. १९ जूनला हॉटेलच्या खोलीत चार जणांनी त्याला धरला. एकाने पिस्तुलाच्या दांड्याने कानामागे मारलं, बाकीच्यांनी बरगड्या मोडल्या. तरी नाही म्हणाला. १३ जुलैला मॅच संपल्यावर ते पुन्हा आले, ह्या वेळी लोखंडी नळी घेऊन. स्कूटरची गोष्ट त्याला संघाच्या व्यवस्थापकाने सांगायला लावली.

वार्ताहराने विचारलं होतं, पोलिसांकडे आधी का गेला नाहीस? त्याने सांगितलं, "माझं कोण ऐकणार होतं? सगळं गाव मला आळशी म्हणत होतं."

मी वही काढून २१ जूनचं पान वाचलं. अक्षर माझंच आहे. 'निर्लज्ज माणूस' माझ्याच अक्षरात आहे. पान फाडायला घेतलं तर युएशाने मनगट धरलं. तिच्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "तेवढं तरी खरं राहू द्या."

१८ ऑक्टोबर

संघ बरखास्त. मालकांनी दोन ओळींचं पत्रक काढलं. मैदानाच्या फाटकाला साखळी. दिंग मास्तर आणि मी साखळीपाशी भेटलो. त्यांना म्हणालो, "तुमचं बरोबर होतं." ते म्हणाले, "मलाही ते तसं नको होतं रे."

दुपारी फान आला. जामिनावर सुटलाय. दुकान रिकामं होतं. मी खुर्ची पुसली, तो बसला नाही. दाराशी उभा राहिला.

मी म्हटलं, "का केलंस पोरा?"

"आधी भीतीने. मग सवयीने." त्याने टोपी काढली. "जूनमध्ये मी सोडणार होतो. खरंच. सरकारी वकिलाचा नंबर खिशात होता. गाओने दिला होता, म्हणाला दोघं मिळून जाऊ."

"मग?"

"मग तुम्ही डबा घेऊन आलात."

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. तो जाईपर्यंत फान थांबला.

"मला वाटलं, तुम्हीपण त्यांच्यातले झालात. लियाओ काकांनासुद्धा ह्यांनी घेतलं, म्हणजे आता गावात राहिलंच कोण? मी नंबर फाडून टाकला. गाओला सांगितलं, तू एकटा जा."

"मला माहीत नव्हतं रे."

"आता कळलं ते. वकीलबाईंनी सांगितलं." त्याने टोपी हातात फिरवली. "तेव्हा कळायला हवं होतं. तुमच्या चेहऱ्यावरून कळायला हवं होतं. किती खुशीत होतात तुम्ही."

तो गेल्यावर मी खुर्ची पुन्हा पुसली. युएशाने विचारलं, कोण आलं होतं? मी म्हटलं, कोणी नाही, रस्ता विचारत होता. आज हे इथे लिहिलंय, ती वाचेल.

१६ नोव्हेंबर

परवा परत आलो. दोन दिवस लिहायचं टाळलं.

गाओच्या गावाचा पत्ता दिंग मास्तरांनी शोधून दिला. दक्षिणेकडून वळसा घेणारी गाडी, ताइदुंगला एक रात्र, मग समुद्राच्या कडेने दीड तास बस. युएशा येते म्हणाली होती, मी नको म्हटलं. तिने तांदळाच्या पिठाचे केक बांधून दिले. "हे दे आणि माफी माग. बाजू मांडत बसू नका," एवढं म्हणाली. पहिल्यांदाच तिने मला 'दे' म्हटलं, आणि मग लगेच 'नका'.

घर रस्त्याच्या खाली, समुद्राकडे तोंड करून. अंगणात बाई मासे चिरून वाळत घालत होती. पस्तिशीची, हातावर खवले. मी गाओ शिन-यी राहतात का विचारलं.

"इथे त्याला लेकाल म्हणतात," ती म्हणाली. "मी त्याची बायको, पानाय. तुम्ही कोण?"

"चांगह्वाहून आलोय. माझं केस कापायचं दुकान आहे."

तिचा चाकू थांबला. "ज्याने केस कापले नाहीत, तो?"

"हो." मग म्हटलं, कारण न सांगता परत जाणं जमलं नसतं, "डबा फेकला तोही मीच."

ती माझ्याकडे नीट बघू लागली. "आम्हाला वाटत होतं, ती दोन वेगळी माणसं आहेत."

मी खाली वाकून पाठ केलेलं बोलायला लागलो. दोन वाक्यांनंतर विसरलो. ती म्हणाली, "बसा. उन्हात चक्कर येईल." मोरीवर हात धुतले, भात आणि माशाचं सार आणून समोर ठेवलं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "खा. आले की सगळेच आधी नको म्हणतात."

"सगळे म्हणजे?"

"तुम्ही चौथे. एक वार्ताहर येऊन गेला, एक संघाचा माणूस, आणि एक पंच. सगळे रडले. जेवले. मग बरं वाटलं म्हणून गेले." तिच्या आवाजात राग नव्हता, मासे मोजावेत तसं सांगत होती. "जूनमध्ये कोणी नाही आलं. मी टीव्हीवर बघत होते तेव्हा. टाके दिसत होते."

मी घास खाली ठेवला.

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"वाकत नाही. बोटीवर जातो. बोटीवर पळावं लागत नाही."

"तुमच्या लोकांना मैदानात डोंगराळ म्हणायचे," मी उगाच म्हणालो. "मीही म्हणायचो."

"डोंगर तिकडे मागे आहे," ती म्हणाली. "आम्ही समुद्रावरचे."

केक तिने घेतले, झाकून ठेवले. मी म्हटलं, त्याची भेट झाली असती तर बरं झालं असतं, मी थांबतो, मला घाई नाही. चिठ्ठी लिहून ठेवू का? ती म्हणाली, लिहा हवी तर, तो वाचत नाही, आधीच्याही तशाच पडल्यात. मी लिहिली नाही.

खाली किनाऱ्यावर चार-पाच बोटी वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. एकीच्या आडोशाला कोणीतरी बसलं होतं, एक पाय सरळ पसरून, जाळं विणत. पाठ आमच्याकडे. मी तिकडे बघतोय हे पानायने बघितलं. तिने पुढचा मासा चिरायला घेतला.

मी विचारलं, "ते घरी कधी येतील?"

"तुमची बस गेली की."

बस पाच वाजता होती. मी सव्वातीनलाच उठलो आणि रस्त्यावर थांब्यापाशी जाऊन उभा राहिलो, घराकडे पाठ करून.